लाँड्री बुडता कामा नये

देशाची तिजोरी रिकामी झाली, बँका एकीमागून एक आडव्या पडू लागल्या, तेव्हा सगळ्यात जास्त संताप कोणाला आला असेल तर खजिनदारांना. देशाच्या खजिनदारांना नव्हे. ते मजेत होते, रोज टीव्हीवर येऊन हसत होते. हे आपले इमारतीचे खजिनदार. सोसायटीच्या निवडणुकीच्या दिवशी ते सर्दीने अंथरुणात होते, आणि गैरहजर माणसाला नाही म्हणता येत नाही, एवढ्या एकाच पात्रतेवर त्यांची बिनविरोध निवड झाली होती. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना खजिनदार म्हणायची. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची, आणि अलीकडे तिने दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पोटापाण्यासाठी खजिनदार वित्त खात्याच्या कर्ज विभागात हेडक्लार्क होते. बुडालेल्या बँकेला किंवा कारखान्याला सरकारने मदत दिली की त्याचा आदेश त्यांच्या हातून टाइप व्हायचा. सोबत वर्तमानपत्रांसाठी निवेदन जायचं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य खजिनदारांच्या स्वतःच्या प्रतिभेतून उतरलेलं होतं: 'परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे.' साहेबांना ते इतकं आवडलं होतं की पुढे परिस्थिती कितीही हाताबाहेर गेली तरी त्या वाक्याला कोणी हात लावला नाही.

दिवसभर हे टाइप करायचं आणि संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून त्याच्याविरुद्ध बोलायचं, असा त्यांचा दिनक्रम. "मजा यांनी मारायची आणि भरायचं आपण! बुडू दे ना बँक. बुडली म्हणजे कळेल. माझ्या हातात असतं तर एक छदाम दिला नसता!" लोक माना डोलवायचे. खजिनदारांच्या हातात काही नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

पण तसं म्हणायला त्यांच्या हातात एक गोष्ट होती. लिफ्ट फंड. इमारत चार मजल्यांची. लिफ्ट फार पूर्वी बंद पडलेली, तपासनिसाने येऊन तिला कायमची रजा दिलेली. तेव्हापासून लोकांकडून दरमहा वर्गणी मागून, प्रसंगी जिन्यात अडवून, खजिनदारांनी नव्या लिफ्टचे पैसे जमवले होते. कारण साधं होतं. चौथ्या मजल्यावर त्यांची आई होती आणि आईचे गुडघे गेले होते. लिफ्ट गेल्यापासून ती खाली उतरलेली नव्हती. गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आणि भाजीवाल्याशी चौथ्या मजल्यावरून भावाची घासाघीस करायची. खाली फाटकाशेजारी एक बाक होता. खजिनदारांचे वडील हयात होते तेव्हा ती दोघं संध्याकाळी त्यावर बसत. "एकदा त्या बाकावर बसले की माझं झालं," असं ती म्हणायची, आणि खजिनदार म्हणायचे, "आई, या वर्षी लिफ्ट येणार म्हणजे येणार."

आणि अगदी येणारच होती हो! कंपनीचा माणूस येऊन मापं घेऊन गेला होता. आगाऊ रक्कम तेवढी द्यायची राहिली होती. तेवढ्यात लाँड्री बुडाली.

लाँड्री तळमजल्यावर होती, आणि ती नुसती लाँड्री नव्हती. इमारतीतली घरं अशी, की पलंग ठेवला तर कपाट मावत नाही. म्हणून लोकांनी चांगले कपडे लाँड्रीतच ठेवायचे, अशी पद्धत पडून गेली होती. कोट, सूट, भारी पडदे, रजया, सगळं धुऊन तिथेच टांगलेलं. पावती आपल्या पाकिटात. लग्नकार्य निघालं की पावती दाखवून कपडा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी परत टाकायचा. लाँड्रीवाला ठेवण्याचे पैसे घेत नसे. "आपलीच माणसं," म्हणायचा. असा दिलदार माणूस पंचक्रोशीत नाही, असं सगळ्यांचं मत होतं. फुकट का ठेवतो, हा प्रश्न कोणाला पडला नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर प्रश्न कोण विचारतो?

तेजीच्या दिवसांत लाँड्रीवाल्याने कर्ज काढून खोलीभर मोठं परदेशी मशीन आणलं. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या होत्या. मंदी आली, हॉटेलं ओस पडली, आणि मशीन हप्ते मागत उभं राहिलं. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर धापा टाकत वर आले. "खजिनदार, ऐकलंत का? बँक लाँड्रीला सील ठोकणार! आणि माझा सूट आत आहे!"

दुपारपर्यंत सगळी इमारत पावत्या फडकवत लाँड्रीच्या दारात. लाँड्रीवाला काउंटरमागे शांत उभा. "गडबड करू नका. सगळ्यांचे कपडे सुरक्षित आहेत. एकेकाने या." पहिल्या दोघा-तिघांना कपडे मिळाले. मग तो आत जाऊन फार वेळ लावायला लागला. डॉक्टरांना त्यांच्या सुटाऐवजी कोणाचा तरी पडदा मिळाला, तेव्हा खरा बोभाटा झाला.

प्रकार असा होता. लोकांचे कपडे नुसते टांगून ठेवण्यापेक्षा तो ते भाड्याने देत होता! नवरदेवांना, मुलाखतीला जाणाऱ्यांना, फोटो काढणाऱ्यांना. "पण कधी कोणाला कमी पडलं का?" लाँड्रीवाला कळवळून म्हणाला. "सगळे एकदम मागायला येतील असं कोणाला वाटलं होतं? तुम्ही एकेक करून आला असता तर कळलंसुद्धा नसतं!" यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच खजिनदारांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांच्या पावतीवर वडिलांचा काळा लोकरी कोट होता.

तो कोट कुठे आहे ते त्यांना दुसऱ्याच दिवशी ऑफिसात कळलं. एका बुडीत कारखान्याचे मालक मदत मागायला साहेबांकडे आले होते. पडेल चेहरा, दर्दभरा आवाज, आणि अंगात काळा लोकरी कोट. मधलं बटण हिरवट. काळं मिळालं नाही म्हणून खजिनदारांच्या बायकोने घाईत लावलेलं, आणि त्यावरून आई तिला अजून ऐकवायची. खजिनदार त्या बटणाकडे बघतच राहिले.

"काय बघताय? चहा सांगा मालकांना," साहेब म्हणाले.

कोट आपला आहे असं सरकारी कचेरीत, साहेबांसमोर, एका कारखानदाराला कोणत्या तोंडाने सांगायचं? खजिनदारांनी चहा सांगितला. मालक चहा प्यायले, वडिलांच्या कोटाच्या बाहीने तोंड पुसलं, आणि मदत मंजूर करून घेऊन गेले. आदेश अर्थात खजिनदारांनीच टाइप केला. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात होती.

त्या संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा भरली. सभागृह नसल्यामुळे सभा जिन्यात व्हायची. ज्याचा मान मोठा तो वरच्या पायरीवर. सगळ्यात वर चेअरमन. चेअरमन नळखात्यातून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही प्रश्नावर 'तत्त्वतः मान्य' म्हणून पुढे काही न करण्यात त्यांचा हातखंडा होता.

"मुद्दा असा," चेअरमन म्हणाले, "की लाँड्री बुडता कामा नये. सील लागलं की बँक मशीन नेईल आणि आपले कपडेही लिलावात काढेल. लाँड्री बुडाली म्हणजे आपण सगळे बुडालो. उघडे पडलो म्हणा ना. फंडातून मदत करावी असं मला तत्त्वतः वाटतं."

"फंड लिफ्टचा आहे!" खजिनदार ओरडले. "मशीन त्याने घेतलं, भाडं त्याने खाल्लं, आणि भरायचं आपण? बुडू दे ना!"

"मग कोटाला मुकायची तयारी आहे ना?" पहिल्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले. विमावाले कुठलीही बातमी मयताच्या घरी आल्यासारखी सांगत. "मी आधीच म्हणत होतो, कोटाचा विमा उतरवा. ऐकतंय कोण?"

मतं मोजायची वेळ आली. खजिनदार एकीकडे, बाकी इमारत एकीकडे. तरी त्यांनी जिद्द सोडली नाही. "ज्या माणसासाठी ही लिफ्ट आहे, तिला विचारा!" असं म्हणून ते लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्याच्या जाळीपाशी गेले. त्या खड्ड्यातून आवाज थेट चौथ्या मजल्यावर जायचा, एवढाच त्याचा आता उपयोग उरला होता. "आई! लिफ्टचे पैसे लाँड्रीला द्यायचे म्हणतायत! तुझं काय मत?"

 वरून आवाज आला. "ह्यांचा कोट आहे ना रे तिथे?"

"तिथे नाही. कारखानदाराच्या अंगात आहे."

"लाँड्री बुडाली तर तो परत येईल?"

खजिनदारांनी लाँड्रीवाल्याकडे बघितलं. "नाही," लाँड्रीवाला हळूच म्हणाला. "मी उभा राहिलो तरच वसूल करीन, आजी."

"मग दे त्याला," वरून आवाज आला. "लिफ्ट पुढच्या वर्षी बघू."

ठराव एकमताने झाला. लेखी कोण करणार, तर सरकारी माणूस म्हणून खजिनदार. इथे त्यांनी जी चूक केली ती फक्त कर्ज विभागात वर्षानुवर्षं काढलेला माणूसच करू शकतो. नवा मसुदा कशाला लिहायचा, म्हणून त्यांनी ऑफिसातला बँक वाचवण्याचा आदेश घेतला. 'बँक' होतं तिथे 'लाँड्री' केलं आणि 'सरकार' होतं तिथे 'खजिनदार'. कागद असा झोकदार झाला की सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. खजिनदारांनीही न वाचताच केली. स्वतः टाइप केलेलं वाचायची त्यांना ऑफिसात कधी गरज पडली नव्हती.

पैसे पहिल्या हप्त्यात अर्धे दिले, अर्धे पुढे द्यायचे ठरलं. बँकेचं सील टळलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं.

दातांचे डॉक्टर आले. "लाँड्री वाचवलीत. दात नाहीत का महत्त्वाचे? मंदीत लोक दात दुखला तरी लवंग धरून बसतात. दवाखाना बंद झाला तर रात्री ठणका लागल्यावर कुठे जाल?" त्यांना दिले. विमावाले आले, लोक हप्तेच भरत नाहीत, आणि उद्या इमारतीला काही झालं तर आपल्याला म्हणू नका, असं काळजात धस्स होईल अशा आवाजात सांगून तेही घेऊन गेले. चेअरमन स्वतःसाठी काही मागणार नव्हते, तसं त्यांनी जाहीरच केलं. त्यांच्या घराची गळकी भिंत मात्र इमारतीचीच होती ना? प्रत्येक वेळी खजिनदार नाही म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी समोरचा एकच वाक्य बोलायचा: "त्याला दिलेत, मग मला का नाही?" या प्रश्नाला देशात कोणाला उत्तर सापडलं नव्हतं, खजिनदारांना जिन्यात उभ्या उभ्या कुठून सापडणार?

फंडाचा तळ दिसला. आणि लाँड्रीचा दुसरा हप्ता तर द्यायचा राहिलेला.

"घाबरायचं नाही," चेअरमन म्हणाले. "कर्ज काढू. आज रोख पैसा कोणाकडे आहे?"

सगळी इमारत विचारात पडली. रोख पैसा फक्त लाँड्रीवाल्याकडे होता, फंडाच्या पहिल्या हप्त्यातून बँकेला देऊन उरलेला.

लाँड्रीवाल्याने आढेवेढे घेतले नाहीत. फंडाला त्याने व्याजाने कर्ज दिलं, आणि त्या पैशातून फंडाने लाँड्रीला मदतीचा दुसरा हप्ता दिला. पैसे काउंटरच्या या बाजूने त्या बाजूला गेले आणि परत आले. लाँड्रीवाल्याने ते मोजून गल्ल्यात टाकले, आणि आता इमारत त्याची देणेकरी झाली होती.

"अहो, पण हे पैसे आपलेच ना?" रात्री जेवताना बायकोने विचारलं.

"हो."

"मग व्याज कसलं?"

"अगं, ते असंच असतं," खजिनदार म्हणाले आणि त्यांना स्वतःचाच इतका राग आला की त्यांनी भात अर्धा टाकला. ऑफिसात हेच ते वर्षानुवर्षं टाइप करत आले होते. तेव्हा कधी भात टाकला नव्हता.

लिफ्ट पुढच्या वर्षी येणार नाही, कधीच येणार नाही, हे आईला सांगायचं राहिलं होतं. ते राहूनच गेलं असतं, पण लिफ्टवाल्या कंपनीचा माणूस एके दिवशी आगाऊ रक्कम विचारायला परत आला. आईने त्याला गॅलरीतून ओळखलं. खजिनदार ऑफिसातून आले तर आई चांगले कपडे करून, पायात बूट घालून खुर्चीत बसलेली. ते बूट तिने केव्हापासून घातले नव्हते. "मापंवाला आला होता," ती म्हणाली. "आता फार दिवस नाहीत ना रे?"

खजिनदारांनी सांगितलं. डॉक्टर, विमावाले, भिंत, व्याज, सगळं. आईने ऐकून घेतलं आणि ती वाकून बूट काढायला लागली. नाड्या सुटेनात, तेव्हा खजिनदार खाली बसले आणि त्यांनी त्या सोडल्या. त्यांना रडू आलं. का आलं म्हणून विचारायची गरजच नव्हती. ते तसेच तडक जिन्यात गेले आणि लिफ्टच्या खड्ड्यात तोंड घालून ओरडले, "माझे पैसे परत करा! सगळ्यांनी! आत्ताच्या आत्ता!"

दारं उघडली. सगळे आले. पैसे कोणाकडेच नव्हते. सगळ्यांनी हात वर केले. डॉक्टर तर खरोखरच मान खाली घालून उभे राहिले. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या दारातून आईचा आवाज आला, "पैसे नाहीत ना? मग हात आहेत ना? मला खुर्चीतून खाली न्या. कर्ज आहे, फेडा असं."

ही कल्पना सगळ्यांना फार म्हणजे फारच आवडली, कारण तिच्यात पैसे नव्हते. चेअरमननी ती तत्त्वतः मान्य केली. पाळ्या ठरल्या. दोघादोघांनी खुर्ची उचलायची, संध्याकाळी खाली, दिवेलागणीला वर. पहिल्या दिवशी आई खुर्चीत ताठ बसून, प्रत्येक मजल्यावर थांबून चौकशी करत, खाली गेली आणि त्या बाकावर जाऊन बसली. शेजारी हात टेकून नुसती बसून राहिली. खजिनदारांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची पाठ धरली. तिसऱ्या दिवशी विमावाल्यांना परगावी मयताला जावं लागलं. चेअरमन म्हणाले की या वयात ते मार्गदर्शन करतील, आणि खुर्चीच्या पुढे चालत "सावकाश, वळण आहे" असं सांगत राहिले. खजिनदार भांडायला गेले, तर विमावाल्यांनी त्यांचाच झोकदार कागद त्यांच्यापुढे धरला आणि हळहळत वाचून दाखवला: 'मदत घेणारा असमर्थ ठरल्यास सर्व भार अंतिमतः खजिनदार यांच्यावर राहील.'

"हे तुम्हीच लिहिलंय ना?" विमावाले म्हणाले. "फार धीट माणूस हो तुम्ही."

खजिनदारांनी कपाळावर हात मारला. सरकारच्या जागी त्यांनी स्वतःला बसवलं होतं, आणि सरकारकडे निदान खुर्ची उचलायला लोक तरी असतात.

तर भार त्यांच्यावर आला. पुढचे पाय खजिनदार, मागचे पाय लाँड्रीवाला. हो, लाँड्रीवाला मात्र एक दिवस चुकला नाही. त्याला गठ्ठे उचलायची सवय होती. आणि वर त्याला व्याज मिळत होतं, हे खजिनदार प्रत्येक पायरीला मनात म्हणायचे. रोज ऑफिस, रोज खुर्ची. आई खुलत गेली. बाकावर तिचा दरबार भरायला लागला. भाजीवाला आता समोरच सापडल्यामुळे त्याचे भाव पडले. वार्षिक सभेत खजिनदारांनी लिफ्टचा विषय पुन्हा काढला, तेव्हा पहिला विरोध आईचाच.

"लिफ्ट कशाला? पेटीत एकटीने जायचं. खुर्चीत बसलं की मजल्यामजल्यावर बोलता येतं. आणि व्याज फेडून होऊ दे आधी."

प्रस्ताव नामंजूर झाला. एकमताने, कारण तोवर खजिनदारांना बोलायला दम उरला नव्हता. त्याच आठवड्यात उतरताना त्यांचा उजवा गुडघा कटकन वाजला आणि मग डाव्याने सहानुभूतीचा संप पुकारला. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही दाबून बघितले. "जिना पूर्ण बंद. किती दिवस ते सांगता येत नाही. कितव्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या."

"लिफ्ट असेलच ना?"

यावर खजिनदार जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांना कसंबसं वर नेलं. त्यांनाही खुर्चीतून उतरवावं असा अर्ज बायकोने सोसायटीकडे केला. चेअरमननी तो तत्त्वतः मान्य केला. खुर्ची मात्र एकच होती आणि ती आईची होती, आणि खुर्चीचे पुढचे पाय आता दातांच्या डॉक्टरांना धरावे लागत होते. आईने दम दिल्यावर त्यांची पाठ एका दिवसात बरी झाली होती.

आता आईची जुनी गॅलरीतली जागा खजिनदारांकडे आली. आईची दोरी आणि आईची पिशवीही. ऑफिसातून साहेबांचा निरोप आला होता, निवेदनाची शेवटची ओळ तीच ठेवायची का म्हणून. खाली बाकावर आईभोवती माणसं जमली होती. तेवढ्यात लाँड्रीवाल्याने हाक मारली, "खजिनदारसाहेब, पिशवी सोडा!"

पिशवी वर आली तेव्हा जड होती. आत धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेला काळा लोकरी कोट. कारखानदाराला मदत मिळाल्यावर त्याने स्वतःसाठी नवा शिवून घेतला होता आणि हा परत पाठवला होता. मधलं बटण बदलून काळं लावलं होतं. खजिनदारांनी ते बोटाने चाचपलं. त्यांना ते हिरवंच हवं होतं.

तरी त्यांनी कोट अंगात घातला आणि कठड्याला धरून उभे राहिले. आईने खालून मान वर केली. कितीतरी वेळ बघत राहिली, आणि तिने डोळे पुसले असं त्यांना वाटलं, पण चौथ्या मजल्यावरून नक्की काय दिसणार?

"अगदी ह्यांच्यासारखा दिसतोस रे!" ती ओरडली. "ये की खाली बाकावर!"

भाजीवाला, लाँड्रीवाला, डॉक्टर, सगळे मान वर करून बघत होते. खजिनदारांनी कोटाचं मधलं बटण लावलं, घसा साफ केला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे!"